मोटारीच्या पोटांतलें दुसरें तेल

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या वर्धा जिल्ह्यांतील मध्यम स्थितीच्या घरांतूनहि क्लचचा पाय नसलेल्या मोटारी दिसूं लागल्या आहेत. ही केवळ हौस आहे असें मला वाटत नाहीं. गुडघेदुखीमुळें क्लच दाबणें नकोसें झालेले वडील, सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयांत रोज कामावर जाणारी सून, नुकताच परवाना हातीं आलेला नातू आणि दिवाळीला पुण्याहून येणारे धाकटे काका, असे चौघे-पांच जण एकच गाडी चालवितात. ती सर्वांच्याच हातापायांना सोयीची असावी लागते. त्यांत समृद्धि महामार्गाची भर पडली. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग जोडला जाऊन ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. येळाकेळीजवळ त्यावर चढलें कीं ताशीं १२० किलोमीटरची मुभा. पूर्वीं पुलगांवापर्यंत जाऊन येणारी घरची गाडी आतां एका दमांत शिर्डी गांठते.

अशा प्रवासाला निघण्यापूर्वीं इंजिनाचें तेल पाहिलें का, चाकांत हवा भरली का, हे प्रश्न घरांत कोणी ना कोणी विचारतोच. परंतु स्वयंचलित गिअरच्या पेटींत इंजिनाच्या तेलाहून निराळें असें दुसरें एक तेल असतें, त्याची चौकशी केलेली मीं क्वचितच ऐकली आहे. इंजिनांतील तेलाचा दाब उतरला तर निदान चालकासमोर तांबडा दिवा लागतो. हें दुसरें तेल कमी झालें तर पुष्कळ गाड्यांत कसलाहि दिवा लागत नाहीं. गाडी ओढेनाशी होते तेव्हांच तें कळतें, आणि तोंवर दुरुस्तीचा आंकडा लाखाच्या घरांत जाऊन बसलेला असतो. म्हणून या तेलाची पातळी कशी पाहावी, आणि आमच्याकडच्या उन्हांत ती पाहतांना कोणतें भान ठेवावें, एवढाच आजचा विषय.

तर्कशास्त्राचा थोडाबहुत अभ्यास केलेल्यांना 'स्नेह' आणि 'द्रवत्व' हे दोन गुण निरनिराळे सांगितलेले आठवत असतील. पिठाचा गोळा बांधला जातो तो स्नेहामुळें. पाणी उताराकडे वाहूं लागतें तें द्रवत्वामुळें. तेलांतील स्नेह मूळचा कोणाचा, यावर नैयायिकांनीं बराच खल केला आहे. तो येथें नको. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, इंजिनांतील तेलाकडून आपण मुख्यत्वें स्निग्धपणाची अपेक्षा करतों. धातूवर धातू घांसूं नये एवढें त्यानें पाहावें. स्वयंचलित गिअरच्या तेलाचें तसें नाहीं. त्याच्या द्रवत्वावर गाडी चालते, आणि हें अक्षरशः खरें आहे.

दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून त्यांतला एकच सुरू करावा. थोड्या वेळानें दुसऱ्याचीं पातींहि वाऱ्याच्या झोतानें फिरूं लागतात. आतां वाऱ्याच्या जागीं तेल आणि पंख्यांच्या जागीं एका बंद डब्यांतलीं पात्यांचीं दोन चक्रें कल्पावीं. इंजिन एक चक्र फिरवितें, तें तेल भिरकावितें, आणि त्या तेलाच्या माऱ्यानें दुसरें चक्र व पुढें गाडीचीं चाकें फिरतात. मध्यें एक तिसरें लहान चक्र असतें. तें परतणाऱ्या तेलाला वळण देतें आणि त्यामुळें गाडी जागची हलतांना जोर वाढतो. या डब्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनियरानें १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें, तें मोटारीकरितां नव्हे, जहाजांकरितां. पुढें अमेरिकेंत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या नमुन्याच्या गाड्यांत हायड्रामॅटिक नांवाचा पूर्ण स्वयंचलित गिअर आला. त्यांत कन्व्हर्टर नव्हता, दोनच चक्रांची साधी द्रव-जोडणी होती. आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे गिअर त्याहून पुष्कळ सुधारलेले आहेत, पण तेलावरचा भार हलका झालेला नाहीं.

तेलाचें काम शक्ति वाहून नेण्यावर संपत नाहीं. इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप तेंच तेल बारीक वाटांतून दाबून पाठवितो, त्या दाबानें आंतील क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर बदलतो. तेंच तेल आंतली उष्णता उचलून रेडिएटरपाशीं नेतें, आणि दांत्यांना वंगणहि तेंच. पातळी खालीं गेली कीं पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून हवामिश्रित तेलानें चकत्या घट्ट धरल्या जात नाहींत, त्या घसरतात, घसरल्या कीं तापतात, आणि तापल्या कीं जळतात. समोरच्या ट्रकला ओलांडतांना इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र पुढें सरकत नाहीं, असा प्रसंग येतो तो यामुळें. गाडींत मागें आजी आणि नातवंडें बसलेलीं असतां असा प्रसंग कोणावरहि येऊं नये.

पातळी पाहण्यापूर्वीं आपल्या गाडींत पेटी कोणत्या जातीची आहे तें समजून घेतलें पाहिजे, कारण बाजारांत 'ऑटोमॅटिक' या एकाच नांवाखालीं तीन-चार निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्या देशांत स्वस्त झालेला प्रकार, ज्याला एएमटी म्हणतात, तो मुळांत साधाच हातगिअर आहे. क्लच दाबण्याचें आणि गिअर टाकण्याचें काम माणसाऐवजीं एक यांत्रिक हात करतो, एवढाच फरक. त्यांत कन्व्हर्टर नाहीं आणि वर सांगितलेलें तेलहि नाहीं. पेटींत साधें गिअर ऑइल असतें, आणि जेथें तो यांत्रिक हात तेलाच्या दाबानें चालतो तेथें त्याच्यासाठीं वेगळी लहानशी टांकी असते. सीव्हीटींत पोलादी पट्टा दोन शंकूंच्या कप्प्यांवरून फिरतो आणि त्याचें तेल अगदीं निराळें. दुहेरी क्लचच्या पेटीचें आणखी निराळें. एकाचें तेल दुसऱ्यांत घालणें म्हणजे दिव्यांत तुपाऐवजीं काकवी घालण्यासारखें आहे. दुकानदार 'सर्वांना चालतें' म्हणून जो डबा पुढें करील त्याच्यापेक्षां गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत छापलेल्या नांवावर विश्वास ठेवावा. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवींतून बाहेर निघालेलीच नसते, ही गोष्ट निराळी.

आतां ज्या गाडींत टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि तेल मोजण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, दिलेली आहे, तिची रीत सांगतों. इंजिनाच्या तेलाची पट्टी वेगळी आणि ही वेगळी; दोहोंची जागा पुस्तिकेंतील चित्रावरून एकदां नीट ओळखून ठेवावी. गाडी सपाट जागेवर उभी करावी. अंगणाला उतार असेल तर तें माप व्यर्थ आहे. त्यापूर्वीं गाडी पंधरा-वीस मिनिटें चालवून आणलेली असावी. वर्ध्यांत राहणाऱ्यानें पवनारला धाम नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यावें, तेवढें पुरतें. मग हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक दाबून धरून, इंजिन मंद गतीनें चालू ठेवीत गिअरचा दांडा सगळ्या घरांतून एकेकदां सावकाश फिरवावा आणि परत 'पी'वर आणावा. यामुळें तेल आंतल्या सर्व वाटांतून भरून येतें. इंजिन चालूच ठेवून दुसऱ्या माणसानें पट्टी बाहेर काढावी, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानें पुसावी, पुन्हां तळापर्यंत बुडवावी आणि काढून वाचावी. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्या. त्यांत जी कमी दाखवील ती खरी. या वेळीं उपरण्याचें टोंक, ओढणी, पदर हीं सांवरून धरावीं, आणि मुलांना दूर ठेवावें. रेडिएटरचा पंखा मनांत येईल तेव्हां सुरू होतो.

इंजिन चालू कां ठेवावयाचें? पंप थांबला कीं वर चढलेलें तेल खालच्या तबकांत परत उतरतें, आणि बंद इंजिनाच्या पट्टीवर पातळी खोटीच उंच दिसते. मात्र हा नियमहि सर्वत्र एक नाहीं. होंडाच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत इंजिन तापवून, मग बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आंत मापावयाचें असतें, आणि पट्टीवरील खुणा त्या हिशेबानें केलेल्या असतात. कांहीं गाड्यांत 'पी'ऐवजीं 'एन' सांगितलेलें आढळतें. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लावूं नये.

उष्णतेचा मुद्दा मात्र सर्व गाड्यांना सारखा लागू आहे, आणि आमच्या जिल्ह्यांत तोच अधिक महत्त्वाचा. तेल तापलें कीं फुगतें. किती फुगतें याचा हिशेब सातवींतल्या मुलालाहि करतां येईल. अशा तेलाचें आकारमान दर अंशाला सुमारें दहा हजारांत सात-आठ भाग वाढतें. पेटींत ८ लिटर तेल आहे आणि तें २० अंशांवरून ८० अंशांवर गेलें असें धरलें, तर तें जवळजवळ ३५० मिलिलिटर वाढेल. पट्टीवरच्या 'कमी' आणि 'पुरे' या दोन खुणांमधलें अंतर पुष्कळ गाड्यांत अर्ध्या लिटरहून कमी तेलाचें असतें. म्हणजे एक थेंबहि न घालतां, न सांडतां, केवळ ऊन-थंडीनें पातळी एका खुणेवरून जवळजवळ दुसऱ्या खुणेवर जाऊं शकते. यासाठींच पुष्कळ पट्ट्यांवर 'हॉट' आणि 'कोल्ड' अशा दोन वेगळ्या जोडखुणा असतात. 'हॉट' म्हणजे तेल सुमारें ७० ते ८० अंशांवर असतां, आणि 'कोल्ड' म्हणजे सुमारें २० ते ३० अंशांवर असतां.

येथें आमची अडचण सुरू होते. ज्यांनीं या खुणा ठरविल्या त्यांच्या कल्पनेंत थंड गाडी म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. वर्ध्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या पुढें जातो. पत्र्याच्या शेडखालीं सकाळपासून उभी असलेली गाडी दुपारीं कोणी हलविलीहि नसेल, तरी तिच्यांतलें तेल 'कोल्ड' नव्हे; आणि चालविलेली नसल्यामुळें 'हॉट'हि नव्हे. त्या वेळीं पट्टी काढून 'कोल्ड'च्या खुणेशीं ताडून पाहणाऱ्यास तेल जास्त झालेलें दिसेल, आणि 'हॉट'च्या खुणेशीं पाहणाऱ्यास कमी. दोघेहि आपापल्या परीनें पट्टी बरोबर वाचतील आणि दोघांचाहि निष्कर्ष चुकेल. उन्हाळ्यांत म्हणून थंड माप पाहटे पांच-साडेपांचला घ्यावें. त्याहून बरें म्हणजे थंड मापाच्या नादीं न लागतां गाडी फिरवून आणून 'हॉट'च पाहावें. उलट, समृद्धीवरून भर दुपारीं तीन तास पळवून आणलेली गाडी दारांत उभी करतांच पट्टी काढणेंहि बरोबर नाहीं. तेव्हां तेल नेहमींच्या तापमानाच्याहि वर गेलेलें असतें. अर्धा तास थांबावें, हातपाय धुवावे, चहा घ्यावा, मग पुन्हां इंजिन सुरू करून पाहावें.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत ही पट्टीच दिलेली नसते. गाडीखालीं एक बूच असतें; तेल ठराविक तापमानावर आणून, इंजिन चालू असतां तें बूच उघडावयाचें, आणि तेथून थेंब-थेंब तेल ओघळलें तर पातळी बरोबर समजावयाची. तापमान संगणकाच्या यंत्रानें पाहावें लागतें. हें काम घरचें नव्हे. जॅक लावून गाडीखालीं शिरण्याचें धाडस कोणी करूं नये. पण मालकाला एक गोष्ट माहीत असावी. कांहीं गाड्यांत हें ठराविक तापमान ४० अंशांच्या आसपासचें असतें. पुण्याच्या वा बंगळूरच्या कारखान्यांत तें गांठणें सोपें आहे. हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या गॅरेजांत मे महिन्याच्या दुपारीं गाडी सुरू होण्यापूर्वींच तेल त्या अंकाच्या वर असतें, आणि मग बुचांतून ओघळणारें तेल पातळी पुरी असल्याची खोटी साक्ष देतें. अशा गाडीचें हें काम गॅरेज उघडतांच पहिल्या प्रथम करवून घ्यावें, किंवा पावसाळा लागल्यावर. मेकॅनिकला 'तापमान किती दाखवीत आहे?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर आंकड्यांत आलें तर माणूस जाणता आहे.

पट्टी पुसलेलें कापड टाकून देऊं नये, पांढऱ्या कागदावर पसरून पाहावें. पातळीइतकीच माहिती तें देतें. या तेलाला कारखान्यांत बहुधा लाल रंग दिलेला असतो, तो अशासाठीं कीं गाडीखालीं डाग पडला तर तो इंजिनाच्या तेलाचा नव्हे हें कळावें. (सगळींच लाल नसतात, कांहीं हिरवट, कांहीं पिवळसर असतात. पुस्तिका पाहावी.) लाल आणि पारदर्शक असेल तर प्रकृति चांगली. तपकिरी झालें असेल तर वय झालें. काळपट असून करपल्याचा वास येत असेल, तर आंतल्या चकत्या जळूं लागल्या आहेत. दुधाळ, गुलाबीसर दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे, बहुधा रेडिएटरच्या वाटेनें, आणि त्या स्थितींत गाडी एक मैलहि पुढें नेऊं नये. वास घेऊन तेल ओळखण्याची विद्या आमच्या गांवाला नवी नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें येथल्या मगनवाडींत होतें, आणि तेथें सुधारलेली तेलघाणी देशभर 'वर्धा घाणी' याच नांवानें गेली. जुन्या गृहिणी जवसाचें तेल खवट झालें कीं नाहीं तें डबा उघडतांच सांगत. तेंच नाक येथें उपयोगी पडतें.

या तेलाच्या घटकांविषयीं एक माहिती आमच्या शाकाहारी वाचकांना चमत्कारिक वाटेल. अमेरिकेंत १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या तेलांत चकत्यांचें घर्षण योग्य राहावें म्हणून स्पर्म जातीच्या देवमाशाची चरबी मिसळीत असत. देवमाशांच्या रक्षणाचे कायदे आल्यावर ती बंद झाली आणि रसायनशास्त्रज्ञांना तिच्याऐवजीं दुसरीं द्रव्यें शोधावीं लागलीं. आजचें तेल त्या दृष्टीनें निर्दोष आहे.

तेल कमी असण्याची भीति सर्वांना समजते. जास्त असण्याची भीति कोणाला वाटत नाहीं. देवळी तालुक्यांतील आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशीं एका गॅरेजवाल्यानें थंड गाडीची पट्टी 'हॉट'च्या खुणेशीं पाहिली आणि 'असूं द्या थोडें जास्त' म्हणून जवळजवळ लिटरभर तेल ओतलें. घरच्यांनीं त्याचे आभार मानले. यवतमाळच्या वाटेवर गाडी झटके देऊं लागली आणि जळक्या तेलाचा वास आंत येऊं लागला. पातळी फार वर गेली कीं फिरणारे दांते तेलांत बुडतात, रवीनें ताक घुसळावें तसें तें घुसळतात, फेंस होतो, आणि फेंस म्हणजे पुन्हां हवाच. कमी तेलानें जो अनर्थ होतो तोच जास्त तेलानेंहि होतो. त्या गृहस्थांनीं गाडी वेळीं थांबविली, जादा तेल काढून घेतल्यावर पेटी वांचली. तेल घालावयाचेंच झालें तर लांब नळीच्या नरसाळ्यानें पाव-पाव लिटर घालावें आणि प्रत्येक वेळीं पुन्हां मोजावें. तसेंच, ही बंद पेटी आहे. तींतलें तेल इंजिनांतल्याप्रमाणें जळून कमी होत नाहीं. पातळी उतरली याचा अर्थ कोठेंतरी गळती आहे. रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा ठेवून सकाळीं पाहावा. गळती न शोधतां नुसतें तेल घालीत राहणें मला पसंत नाहीं.

एकत्र कुटुंबांत गाडी सर्वांची असते, आणि म्हणून तेलाची जबाबदारी कोणाचीच नसते. किल्ली खुंटीवर टांगलेली, ज्याला हवी त्यानें न्यावी. अशा घरांत एकाच माणसाकडे हें काम सोंपवावें, आणि माझ्या मतें तें सर्वांत हौशी माणसाकडे सोंपवूं नये. हौशी माणूस पाहण्यापेक्षां ओतण्याकडे अधिक वळतो. दुधाची आणि वाण्याची वही जी सून किंवा सासूबाई बिनचूक ठेवितात त्यांच्याच हातीं गाडीचीहि वही द्यावी. तींत तारीख, किलोमीटरचा आंकडा, थंड कीं गरम, पट्टीवर तेल कोठपर्यंत आलें, रंग कसा, घातलें असल्यास किती व कोणतें, एवढें दोन ओळींत मावतें. महिन्यांतून एकदां आणि लांबच्या प्रवासापूर्वीं पुरे. तेल कधीं बदलावें, याविषयीं 'जन्मभर पुरतें' असें कांहीं विक्रेते सांगतात. तो जन्म गाडीचा कीं हमीच्या मुदतीचा, हें विचारून घ्यावें. उष्ण हवेंत, भार भरून, भरधांव चालणाऱ्या गाडीसाठीं बहुतेक पुस्तिकांत बदलण्याची मुदत कमी करून सांगितलेली असते, आणि विदर्भांतल्या गाडीनें स्वतःला त्याच वर्गांत धरावें. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं तेल सडण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ठोकळ नियम आहे.

शेवटीं वाटेंत गाडी बंद पडल्यास काय करावें तें सांगतों, कारण त्याचाहि संबंध याच तेलाशीं आहे. हातगिअरची गाडी चार माणसांनीं ढकलून सुरू करतां येते; ही येत नाहीं. आणि दोर बांधून ओढून नेणें तर घातकच. इंजिन बंद असलें कीं पंप बंद, पंप बंद कीं तेल जागचें हलत नाहीं. चाकें मात्र रस्त्यावर फिरत राहून पेटींतले दांते कोरडेच फिरवितात. वीस किलोमीटर अशी ओढून आणलेली गाडी मूळच्या बिघाडाहून मोठा बिघाड घेऊन दारांत येते. तिचीं इंजिनाशीं जोडलेलीं चाकें जमिनीला लागतां कामा नयेत. सर्वांत बरें म्हणजे ती सबंध उचलून सपाट पाठीच्या वाहनावर ठेवून न्यावी. हें मदतीसाठीं फोन करतांनाच सांगावें. तो माणूस येऊन पोंचल्यावर सांगितलें, तर तोंवर त्यानें दोर बांधून टाकलेला असतो.